बैर-शेबा : सात की शपथ?

प्रश्न असा आला आहे : मराठी बायबलमधल्या 'बैर-शेबा' या गावाच्या नावाचा अर्थ 'सात विहिरी' की 'शपथेची विहीर'? आणि यातल्या शेबाचा बायबलमधल्या शेबा देशाच्या राणीशी काही संबंध आहे का?

राणीचा भाग आधी निकालात काढतो. संबंध नाही. हिब्रूत राणीच्या देशाच्या नावाचे शेवटचे अक्षर 'आलेफ' आहे, तर गावाच्या नावाच्या शेवटी 'आयिन' हा कंठातला व्यंजनवर्ण आहे. देवनागरीत आयिनसाठी अक्षरच नसल्यामुळे दोन्ही शब्द आपल्याकडे 'शेबा' होऊन बसले. 'बैर'चाही वैराशी संबंध नाही. हिब्रू 'बेएर' म्हणजे विहीर. अरबीतला 'बीर' त्याचाच भाऊबंद, आणि बैरूत शहराचे नावही 'विहिरी' या अर्थाच्या फिनिशियन शब्दावरून आल्याचे मानतात.

आता 'सात विहिरी'. हा अर्थ पुष्कळ ठिकाणी छापलेला दिसतो, पण व्याकरणात तो बसत नाही. सात विहिरी म्हणायच्या तर हिब्रूत 'शेवा बेएरोत' असे अनेकवचन लागेल. इथे विहीर एकच आहे, 'सातांची विहीर'. हे सात कोण, ते बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात सांगितले आहे. विहिरीवरून अबीमलेख राजाच्या माणसांशी तंटा झाल्यावर अब्राहाम सात कोकरे वेगळी काढतो आणि म्हणतो, ही माझ्या हातून घे, म्हणजे विहीर मी खणली याची साक्ष राहील. मग लगेच पुढे येते की त्या दोघांनी तिथे शपथ वाहिली म्हणून त्या जागेला हे नाव पडले. म्हणजे कथेत सातही आहेत आणि शपथही.

माझ्या मते इथे 'हे की ते' असा निवाडा करूच नये. 'शेवा' (सात; मराठीतला 'शेबा' तो हाच) आणि 'निश्बा' (त्याने शपथ घेतली) या दोन्ही शब्दांत शिन-बेत-आयिन हीच तीन अक्षरे आहेत. शपथ घेणे म्हणजे मुळात 'स्वतःला सातांनी बांधून घेणे' असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याला पूरक दाखला ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने दिला आहे : अरब लोक करार करताना दोघांच्या मध्ये ठेवलेल्या सात दगडांना रक्त लावत. कथा सांगणाऱ्याने हा दुहेरी धागा जाणूनबुजून विणला आहे. एक ओढून काढला की कथेची वीण सुटते.

२६व्या अध्यायात हेच नाव पुन्हा पडते, या वेळी अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या विहिरीवरून. त्याआधीच्या त्याच्या दोन विहिरींची नावे भांडण आणि वैर अशा अर्थांची आहेत, तिसरीचे नाव 'ऐसपैस जागा' या अर्थाचे. दक्षिण इस्राएलमधल्या नेगेवच्या कोरड्या मुलखात पाण्यावरून काय काय घडत असे, ते एवढ्या नावांतूनच कळते.

पुढे हे गाव सरहद्दीची खूण झाले. 'दानापासून बैर-शेबापर्यंत' म्हणजे उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, आपल्या 'आसेतुहिमाचल'सारखेच. आमोस संदेष्ट्याने मात्र तिथल्या यात्रेवर कडक टीका केली आहे. आजच्या शहराच्या पूर्वेला जुन्या वस्तीचे टेकाड आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांच्या उत्खननात, १९७३ साली, कोपऱ्यांना शिंगे असलेल्या वेदीचे दगड सापडले, तेही एका कोठाराच्या भिंतीत चिणलेले. वेदी मोडून तिचे दगड बांधकामाला वापरले होते. वेशीपाशी सुमारे ७० मीटर खोल विहीरही आहे. ती अब्राहामाची म्हणून दाखवतात, पण त्याला पुराव्याचा आधार नाही. २००५ पासून हे टेकाड मगिद्दो आणि हासोर या प्राचीन शहरांच्या टेकाडांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आताचे शहर त्या मानाने नवे : १९०० साली ओटोमन अमलात वसवलेले. अरबीत 'बीर अस्-सबा', आजच्या हिब्रूत 'बेएर शेवा'. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबांपैकी काही इथेही स्थायिक झाली, त्यामुळे या गावात मराठीही बोलली गेली आहे. लिहिताना मी बायबलच्या संदर्भात 'बैर-शेबा' ठेवतो, कारण मराठी वाचकाला तेच ओळखीचे आहे. आजच्या शहराविषयी लिहायचे असेल तर 'बेएर शेवा'.