बोटीच्या मशीनची सर्व्हिसिंग स्वतः करावी का?

प्रश्न थोडक्यात: देवबागला माझी पर्यटकांची छोटी फायबर बोट आहे. २५ एचपीचं फोर-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) मशीन आहे. वॉरंटी संपली. हंगामात साधारण ३०० तास चालतं, म्हणजे तीन सर्व्हिसिंग. मेकॅनिक गोव्याहून येतो, एका वेळचे ८,५०० रुपये घेतो. त्यात सामान ३,२००चं. १४,००० रुपयांची हत्यारं घेऊन मीच हे काम करू का? खर्च वसूल होईल का?

उत्तर: करा, पण तीनपैकी दोनच. हत्यारांवरही १४,००० घालू नका.

तुम्ही मजुरी आणि प्रवासाचे ५,३०० गुणिले तीन, म्हणजे १५,९०० रुपये वाचतील असं धरलंय. हिशेब बरोबर आहे, पण मोठी रक्कम तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीत आहे. मेकॅनिकची वाट बघण्यात प्रत्येक वेळी दोन दिवस बोट उभी राहते, आणि हंगामातला एक दिवस खर्च वजा जाता ४,००० रुपये देतो, असं तुम्हीच लिहिलंय. दोन सर्व्हिसिंग संध्याकाळी बोट परत आल्यावर तुम्ही केल्यात तर चार दिवस वाचले, म्हणजे १६,००० रुपये. मजुरीचे १०,६०० धरून २६,६०० झाले. नाताळच्या आठवड्यात तर एक दिवस बोट बंद राहणंही परवडत नाही.

तुमच्या हत्यारांच्या यादीतून टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), प्लगचा पाना, फिल्टरचा पाना, गिअर ऑइल भरायचा हातपंप आणि फ्लशिंगचे, म्हणजे मशीन आतून गोड्या पाण्याने धुवायचे कप एवढंच घ्या. साडेसहा हजारांत बसेल. बाकीचं सामान ज्या कामांसाठी लागतं, ती कामं तुम्ही करूच नयेत असं मला वाटतं.

शंभर तासांच्या कामात इंजिन ऑइल, फिल्टर आणि प्लग बदलणं सोपं आहे. धोका गिअर ऑइलमध्ये आहे. खालचा आणि वरचा असे दोन्ही स्क्रू काढून जुनं ऑइल भांड्यात घ्या आणि नीट बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. तिथेच थांबून मेकॅनिकला फोन करा. ठीक असेल तर नवं ऑइल नेहमी खालून भरा. वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल बाहेर आलं, की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्ही वॉशर दर वेळी नवे. वॉशरला चार पैसे लागतात. जुनाच लावून खारं पाणी आत गेलं तर अख्खा गिअर खोलावा लागतो, आणि त्यात तुमची दोन-तीन वर्षांची बचत सहज जाईल. पहिल्या वेळी मेकॅनिकसमोर स्वतःच्या हाताने करा. त्या दिवशी त्याला पूर्ण पैसे द्या, ते शिकवणीचे समजा.

गोड्या पाण्याने मशीन फक्त रविवारी धुता, हे मात्र मला खटकलं. खाऱ्या पाण्यातून आलं की रोज, कप लावून किंवा पिंपात मशीनचा पाय (खालचा भाग) बुडवून, दहा मिनिटं चालवा. मीठ थंडाव्याच्या वाटांमध्ये साचतं आणि मशीन तापायला लागतं. पाण्याशिवाय क्षणभरही सुरू करू नका, इम्पेलरचं, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातल्या चक्राचं, रबर जळतं. या कामाला हत्यारं लागत नाहीत, आणि मशीनचं आयुष्य यानेच सगळ्यात जास्त वाढतं.

तिसरी, हंगाम संपतानाची सर्व्हिसिंग मेकॅनिककडेच ठेवा. इम्पेलर, थर्मोस्टॅट, झडपांचं अंतर, कॉम्प्रेशन हे सगळं त्याच वेळी तपासून घ्या. कार्बोरेटरमधलं पेट्रोलही काढायला सांगा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं. पावसाळाभर तसंच राहिलं तर सप्टेंबरात मशीन सुरू व्हायला त्रास देईल. प्रत्येक कामाची तारीख, तास आणि सामानाची बिलं एका वहीत ठेवा. मशीन विकताना ही वही दाखवता येईल.

आता वाचलेले पैसे. नव्या मशीनला साडेतीन लाख लागतील असं तुम्ही लिहिलंय, पण त्यासाठी बाजूला काहीच ठेवलेलं नाही. मला सर्व्हिसिंगपेक्षा ही गोष्ट जास्त काळजीची वाटते. आणखी पाच वर्षं धरली तर वर्षाला ७०,००० हवेत. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत महिना ८,७५०. शिकवणीचं पहिलं वर्ष सोडलं, तर वाचलेले २६,६०० म्हणजे त्यातले तीन महिने निघाले. आरडी घेऊ नका, कारण हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो. लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) जमेल त्या महिन्यात जमेल तेवढं टाका. शेअरचे फंड या पैशासाठी नकोत. मशीन बाजार पडलेला असतानाही बंद पडू शकतं.

एक काम आत्ताच करा: मेकॅनिकशी बोलून मेच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख ठरवा. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलवाहतूक बंद, तेव्हा सगळ्यांच्या बोटी एकदमच वर येतात आणि त्याची वेळ मिळत नाही.