उष्णतेवर फिरणारा पंखा घ्यावा का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहतो. दिवाणखान्यात ओतीव लोखंडाचा वुड स्टोव्ह आहे. हिवाळ्यात स्टोव्हजवळ घाम येतो, तर पलीकडच्या स्वयंपाकघरात शाल घेऊन वावरावे लागते. स्टोव्हवर ठेवायचा, विजेशिवाय केवळ उष्णतेवर फिरणारा पंखा घ्यावा, असे मुलाचे म्हणणे आहे. यजमानांच्या मते ते निव्वळ खेळणे आहे. असे पंखे पन्नास डॉलरपासून दीडशेच्या पुढेही मिळतात आणि त्यांमुळे सरपण वाचते, असाही दावा असतो. आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक भगिनी, व्हरमाँट

उत्तर : त्याला खेळणे म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु स्वयंपाकघर उबदार करण्याचे काम त्याच्याकडून होईल, असे मात्र वाटत नाही.

या पंख्याच्या तापणाऱ्या तळाच्या आणि वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मध्ये, बहुधा बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकापासून बनवलेली, आगपेटीएवढी चपटी चकती असते. तिची खालची बाजू स्टोव्हमुळे तापते, वरची बाजू पट्ट्यांमुळे त्या मानाने थंड राहते आणि या दोन बाजूंच्या तापमानातील फरकामुळे वीज निर्माण होते. थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवलेल्या परिणामाचाच हा उपयोग आहे. सोव्हिएत संघात १९५०च्या दशकात याच तत्त्वावर रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ चालवले जात. तेव्हा यंत्र खरे आहे, यात शंका नाही. मात्र मिळणारी वीज जेमतेम एखाद-दोन वॅट असते आणि तेवढ्यावर फिरणारी पाती स्टोव्हच्या माथ्यावरून सरळ छताकडे जाणारी गरम हवा थोडी आडवी ढकलतात, इतकेच. त्यामुळे समोरच्या सोफ्यावर ऊब लवकर जाणवते; पण दाराची चौकट ओलांडून पलीकडच्या खोलीत हवा पोहोचवण्याइतका जोर त्या वाऱ्यात नसतो. पाती भरभर फिरताना दिसली म्हणजे वारा अधिक, असेही नाही, कारण पात्यांचा आकार आणि त्यांना दिलेला तिरपेपणा यांवर बरेच अवलंबून असते.

सरपणाच्या बचतीविषयी इतकेच म्हणता येईल की, पंखा ज्वलनात काहीही बदल करत नाही. बसण्याच्या जागी लवकर ऊब मिळाल्यामुळे आपण पुढचे लाकूड उशिरा टाकले, तरच बचत होईल. लाकूड ओले असेल, तर त्यातील पाण्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता खर्च होते. म्हणून लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत आहे ना, हे आधी पाहावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र बहुतेक पंख्यांपेक्षा स्वस्त मिळते.

आपल्या खऱ्या अडचणीवर उपाय वेगळा आहे आणि तो कदाचित घरातच असेल. विजेवर चालणारा साधा लहान टेबलफॅन स्वयंपाकघरात जमिनीवर, दाराजवळ ठेवावा आणि त्याचे तोंड स्टोव्हच्या खोलीकडे करावे. गरम हवा थंड खोलीत ढकलावी, असे सर्वांनाच प्रथम सुचते. परंतु जमिनीलगतची थंड, जड हवा स्टोव्हकडे ढकलली की, तिची जागा घेण्यासाठी गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप आत येते. दार उघडेच असावे, हे ओघाने आलेच. २० वॅटचा पंखा आठ तास चालवला, तरी ०.१६ युनिट वीज लागते, म्हणजे खर्च काही सेंटचाच. आठवडाभर असे करून पाहावे आणि मगच नव्या खरेदीचा विचार करावा.

तरीही आपल्या चिरंजीवांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. बर्फाच्या वादळात वीज गेली, तर टेबलफॅन बंद पडतो आणि हा पंखा स्टोव्ह पेटता असेपर्यंत फिरत राहतो. आपल्या भागात वीज वारंवार जात असेल किंवा मुख्य बैठक स्टोव्हच्याच मोठ्या खोलीत असेल, तर तो घेण्यास हरकत नाही. त्याचा आवाज जवळपास नसतो, ही सोयही लहान नव्हे.

घ्यायचे ठरल्यास आपल्या स्टोव्हचा माथा पुरेसा तापतो का, हे आधी पाहावे. भिंतीतील चुलाणात बसवलेल्या किंवा दुहेरी आवरणाच्या स्टोव्हवर हे पंखे बहुधा रेंगाळतात. चुंबकाने चिकटणारा तापमापक यासाठी उपयोगी पडतो. माथा प्रमाणाबाहेर तापल्यास चकती निकामी होते, तेव्हाही तोच इशारा देतो. पंखा माथ्याच्या मागच्या किंवा बाजूच्या कडेला, धुराड्याला न चिकटवता ठेवावा, म्हणजे मागून येणारी थंड हवा पट्ट्यांवरून वाहत राहील; नेमका मध्यभागी ठेवल्यास वरच्या पट्ट्याही तापतात, फरक कमी होतो आणि पाती मंदावतात. काही वर्षांनी चकती किंवा मोटर थकते. हे सुटे भाग वेगळे मिळतात का, याची दुकानदाराकडे आधी चौकशी करावी. मिळत नसतील, तर केवळ स्वस्त म्हणून तो पंखा घेऊ नये.