मोटरहोमची स्लाइड (बटण दाबलं की भिंतीतून बाहेर-आत सरकणारी खोली) अर्धवट आत येऊन तिरकी अडकली आहे. चौघांनी बाहेरून ढकलली तर चालेल का?

नाही. स्लाइड हलवणाऱ्या मोटरी जोडलेल्या असताना ढकलू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा.

तुम्ही लिहिलंय की सोफ्याच्या खोलीचं पुढचं टोक आत आलं, मागचं बाहेर राहिलं, बटण दाबलं की नुसती टकटक होते, आणि सोबतचे मित्र म्हणताहेत की सगळे मिळून धक्का मारू. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. तो धक्का आमच्याकडे मारून झालेला आहे आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे.

आम्ही ॲरिझोनात राहतो, फिनिक्सजवळ. गाडी 29 फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम), एकच स्लाइड, त्यात सोफा आणि जेवायचं टेबल. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाहून दीर-जाऊ आले, सांगलीहून सासूबाई आलेल्याच होत्या, म्हणून सगळे मिळून ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर (दक्षिण कड्यावर) गेलो. मॅदर कॅम्पग्राउंडला उतरलो. तिथे 30 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, जागेवर वीज-पाण्याची जोडणी नाही, आणि जनरेटर ठरलेल्या वेळातच लावायचा. उंची जवळपास 7,000 फूट. रात्री कडाक्याची थंडी, सासूबाईंना सोसेना, म्हणून फर्नेस (गाडीतला हीटर) रात्रभर चालू. फर्नेस जळते गॅसवर, पण तिचा पंखा 12 व्होल्टवर फिरतो, आणि रात्रभरात तो बॅटरी पार निपटून काढतो.

सकाळी आवराआवर झाली, मी बटण दाबलं. स्लाइड हातभर आत आली, कण्हल्यासारखा आवाज झाला, पुढची बाजू जरा सरकली आणि मागची जागच्या जागी राहिली. पुन्हा दाबलं तर टक, टक. अगदी तुमच्यासारखंच.

मी मीटर आणायला निघाले, तर दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही सरका, हे ताकदीचं काम आहे." दीर मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि गेली अनेक वर्षं टेस्टिंगच्या लॅबमध्ये नोकरी करते. म्हटलं, "भाऊजी, आधी व्होल्टेज तर बघू." कोण ऐकतंय! शेजारच्या तंबूतली दोन मुलंही मदतीला आली. ते खांदे लावेपर्यंत मी एवढंच केलं, की मागच्या कोपऱ्यात एक निळ्या टेपचा तुकडा स्लाइडच्या कडेवर आणि एक गाडीच्या भिंतीवर चिकटवला. मधलं अंतर माझी चार बोटं. मग "हो, आता!" करून धक्के झाले. गाडी हलली, सासूबाई आतून ओरडल्या. टेपमधलं अंतर? चार बोटं. रबरी सील मात्र उलटं होऊन फटीत चिमटलं ते वेगळंच.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण तुमचीही स्लाइड बहुधा याच जातीची आहे. एक बाजू पुढे, एक मागे अशी तिरकी अडकते ती सहसा भिंतीतली स्लाइड, जिला लोक श्विनटेक म्हणतात. तिला दोन बाजूंना दोन स्वतंत्र मोटरी असतात. कंट्रोलर (मोटरी चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोघींचे फेरे मोजतो आणि एक मागे पडली की दोन्ही थांबवतो. त्या थांबलेल्या असतात तेव्हा ब्रेकचं काम करतात. गाडी चालताना खोली बाहेर घसरू नये म्हणून ती सोयच आहे. म्हणजे बाहेरून ढकलणारा माणूस ब्रेकशी कुस्ती खेळतो. त्यात एका कोपऱ्यावर जोर जास्त पडला की भिंतीतला दातेरी रूळ आणि त्याचं दातचाक यांची वाट लागते, आणि मग बिघाड खरोखरचा होतो.

धक्के संपल्यावर मी बॅटरीला मीटर लावला. नुसती असताना 11.7 व्होल्ट. जाऊबाईंना बटण दाबून धरायला सांगितलं, तर आकडा 10 च्या आसपास कोसळला. रोग सापडला. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर शांत असताना 12.6-12.7 दाखवते, 12 च्या खाली गेली की ती संपलीच समजा. घरच्या इन्व्हर्टरची उतरलेली बॅटरी दिवा लावते पण पंखा ओढत नाही, तसंच हे. आतले एलईडी दिवे लख्ख पेटतात, म्हणून माणसाला वाटतं बॅटरी ठीक आहे. म्हणून आकडा बटण दाबलेलं असतानाच बघायचा. नुसत्या बॅटरीच्या आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

जनरेटरची वेळ झाल्यावर तो लावला आणि तासभर काहीही न करता बसलो. तेवढ्यात नवऱ्याने शिडी लावून स्लाइडच्या टपावरच्या पाइनच्या काड्या आणि शंकू झाडून काढले. तिथे पाँडेरोसा पाइनची झाडं आहेत, रात्रभर काहीतरी पडतच असतं, आणि सीलखाली एखादा शंकू ओढला गेला तरी खोली अडते. मीटर 13.4 दाखवायला लागल्यावर मी बटण दाबलं, पण बाहेरच्या दिशेला. तिरकी खोली आधी पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, आणि मोटरी आपणहून थांबेपर्यंत बोट उचलायचं नाही. तिथे दोघींचं मोजमाप पुन्हा जुळतं. खोली दिसायला टेकली की लोक लगेच बटण सोडतात. असं होत होत दोन्ही बाजूंत फरक साठत जातो. बाहेर पूर्ण टेकल्यावर आत घेतली. सरळ आली, एका दमात.

तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर दीर सांगतात, "आम्ही धक्का मारून मोकळी केली म्हणून ती आली." टेपचं सांगितलं तर म्हणतात आतून सैल झाली असेल. काय सैल झालं? मोटरी जोडलेल्या होत्या, अंतर तेवढंच होतं, आणि स्लाइड हलली ती व्होल्टेज चढल्यावर. आकडे मी त्याच सकाळी वेळेसकट वहीत लिहिलेत. इंजिनिअर माणसाने मोजलेल्या गोष्टीपुढे खांद्याचा अंदाज ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते त्यांनी हे उत्तर वाचलं तरी बदलणार नाही.

तुमच्यासाठी: जनरेटर किंवा बाहेरून जोडायची वीज (शोअर पॉवर) लावा, टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड धरली असेल तर घासून घट्ट करा, निगेटिव्हची तार चासीला जिथे लागते तेही टोक बघा. हँडब्रेक ओढलेला आहे ना, किल्ली योग्य जागी आहे ना तेही बघा; बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय स्लाइडला करंटच जात नाही. आत सोफ्याखाली बूट, झाडू, अर्धवट उघडा खण काही नाही ना? मग आधी बाहेर, नंतर आत.

तरीही नाही आली तर कंट्रोलर शोधा, सामानाच्या कप्प्यात किंवा पलंगाखाली असतो. त्यावरचं मोड बटण पटापट सहा वेळा दाबायचं आणि सातव्यांदा पाचेक सेकंद दाबून धरायचं; लाल-हिरवे दिवे लुकलुकले की आतल्या नेहमीच्या बटणाने खोली हलवायची. या अवस्थेत कंट्रोलर दोन्ही बाजू जुळवत नाही, म्हणून बाहेर दोन कोपऱ्यांना दोन माणसं उभी करा, तिरकी व्हायला लागली की थांबा. ढकलायचीच वेळ आली तर दोन्ही मोटरींच्या वायरी कंट्रोलरमधून काढून, दोन्ही टोकांना सारखा जोर लावून ढकला. आत आली की वायरी परत जोडा, नाहीतर वळणावर खोली बाहेर येईल.

हे सगळं भिंतीतल्या स्लाइडचं. गाडीच्या फरशीखालच्या दातेरी दांड्यावर सरकणारी असेल तर मोटरचा ब्रेक सोडून हँडलने फिरवतात आणि शेवटी ब्रेक परत लावतात. हायड्रॉलिकला माझं उत्तर लागू नाही, तिथे पंप आणि व्हॉल्व्हचा मामला असतो. लिथियम बॅटरी असेल तर वरचे आकडे विसरा, ती संपत आली तरी 13 च्या आसपास दाखवत राहते. आणि गाडी भाड्याची असेल तर कंट्रोलरला हात लावण्याआधी मालकाला फोन करा.

कंट्रोलरचा कुठला दिवा किती वेळा लुकलुकतोय आणि बटण दाबलेलं असताना मीटर किती दाखवतो, एवढं खाली लिहा. मोटर, वायर की बॅटरी ते मग सांगते.