ठाण्यात रिटायर झाल्यावर इतिहास, भाषा असलं काही शिकायची सोय आहे का, आणि सोसायटीत असं काही चालू करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी संपली, वेळ आहे, आता इतिहास, जुनी भाषा, साहित्य असलं काही नीट शिकायचंय, परीक्षेसाठी नाही तर असंच, आणि जवळपास काही नसेल तर सोसायटीतच चालू करायचा विचार आहे. मी कळव्याला राहते, व्हीआरएस घेऊन सहा वर्षं झाली, आमच्याकडे गेली साडेतीन वर्षं शनिवारी दुपारी असलंच काहीतरी चालतं, म्हणून लिहितेय. मी शिक्षिका वगैरे नाही हं, इन्शुरन्समध्ये क्लेम्स बघायचे.

आधी सोयीचं सांगते. ठाण्यात ऐकायला भरपूर आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, वि. ल. भावे आणि मंडळींनी काढलेलं, तिथे आधी मेंबर व्हा, बाकी सगळं नंतर. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. ऐरोली जवळ पडत असेल तर तिथल्या बाबासाहेबांच्या स्मारकात लायब्ररी चांगली आहे आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या सुमाराला व्याख्यानं असतात. डिग्रीच हवी असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ, तिथे तुमचं वय कोणी काढत नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई साठी उलटल्यावर बीए झाल्या आणि पेढे वाटताना नातवापेक्षा जास्त लाजत होत्या. मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग आहे, पण तो बराचसा कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टमधूनच दिसतो. जुनी माणसं 'बहिःशाल' म्हणतात ते वेगळं, त्यात विद्यापीठाचे व्याख्याते गावोगावच्या संस्थांमध्ये जाऊन बोलायचे.

पण ऐकणं म्हणजे शिकणं नाही, निदान माझ्या बाबतीत तरी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला रानड्यांनी १८७५ ला चालू केली, म्हणजे दीडशे वर्षं झाली आपण खुर्च्यांवर बसून छान ऐकतोय, टाळ्या वाजवतोय आणि बाहेर येऊन वडापाव खातोय. मी स्वतः कितीतरी व्याख्यानं ऐकलीत, विचाराल तर वक्त्याचा आवाज आठवतो, विषय आठवत नाही.

आम्हीही सुरुवात तशीच केली. सोसायटीचा हॉल, बॅनर, माईक, शाल-श्रीफळ, ऐंशी खुर्च्या मागवल्या आणि आले अकराजण, त्यात चार कमिटीतले जे यायलाच हवे होते. दुसऱ्या महिन्यात सात. बरं कमिटीत आधीच चर्चा झाली होती की हे धार्मिक आहे का राजकीय आहे, कारण दोन्ही असेल तर हॉलचं भाडं वेगळं. तिसऱ्या महिन्यात मी म्हटलं बास झालं, बंद करू.

पण बंद पडता पडता वाचलं ते मोडीमुळे, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीमुळे. खालच्या मजल्यावरच्या एका काकांकडे मालवणकडच्या घराची ट्रंक होती, त्यात मोडीतले कागद. त्यांना वाटत होतं जमिनीचं काहीतरी असणार आणि कोणालातरी पैसे देऊन वाचून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं आपणच शिकू की, पुस्तकं मिळतात, वर्गही होतात. आम्ही सहाजण बसलो. मोडीचं असं असतं की आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला खाली लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही, आणि वर 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'रा॥' म्हणजे राजश्री असली शॉर्टकटं. मूळाक्षरं दोन-तीन आठवड्यांत येतात, सगळे खूश होतात, मग खरा कागद समोर येतो आणि काहीही येत नाही. तिथेच निम्मे लोक सुटतात. आम्हीपण सुटलो असतो.

एका शनिवारी सी विंगमधल्या आजी, ८६ वर्षांच्या, सुनेला शोधत हॉलमध्ये आल्या. टेबलावरची झेरॉक्स उचलली, चष्मा वर केला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. सूनबाई बघतच राहिली. त्यांना शाळेत मोडी होती म्हणे. तीस वर्षं एका घरात राहून सुनेला माहीत नाही, मुलाला माहीत नाही. मी विचारलं आजी, कधी बोलला नाहीत? तर म्हणाल्या, "कोण विचारणार होतं गो, वाण्याची यादी मोडीत लिहू काय?"

तेव्हापासून वर्ग आजींचा. एक शब्द अडला की त्या सांगत नाहीत, "मागची ओळ बघ, तिथे हेच अक्षर आहे" म्हणतात. काकांचा कागद वाचायला आम्हाला पाच शनिवार लागले. जमीन बिमीन काही नव्हती. त्यांच्या पणजोबांनी बहिणीच्या लग्नासाठी चाळीस रुपयाला आंब्याची दोन झाडं गहाण टाकली होती, एवढंच. काका जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले एक झाड अजून आहे. पुढच्या शनिवारी बिल्डिंगमधले आणखी चारजण आपापल्या पिशव्या घेऊन हजर, त्यातले एक गुजराती, त्यांच्या आजोबांची चोपडी होती, ती मोडी नव्हतीच पण बसले ते बसलेच.

तारखांवरून इतिहास आपोआप शिकला जातो हे मला आधी कळलं नव्हतं. शके असेल तर ७८ मिळवा की इसवी सन आला. पण पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन, म्हणजे अरबी कालगणना, असते आणि आकडे अरबी शब्दांत, इसन्ने म्हणजे दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. मराठी पत्रात अरबी आकडे का, असं कोणीतरी विचारलं आणि दोन शनिवार निजामशाही-आदिलशाहीच्या कारभारात गेले, कोणी कोणाशी भांडलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच विषय निघाला असता तर काय झालं असतं ते तुम्हाला माहितीये.

वर्षातून दोनदा फिरायला जातो. टेंभी नाक्याजवळचं १८७९ चं सिनेगॉग, मासुंदा तलावाजवळचं चर्च आणि मग जेलच्या भिंतीपर्यंत. आमच्यातल्या एकीने त्या भिंतीजवळ वीस वर्षं बस पकडली, तिला तो किल्ला आहे हे माहीत नव्हतं. पोर्तुगीजांकडून १७३७ ला मराठ्यांनी घेतला तोच हा, आणि नाशिकच्या जॅक्सन खुनाच्या खटल्यात कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९१० ला फाशी दिली ती इथेच. इथेच १७८७ मध्ये खोदकामात शिलाहार राजांचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा. सगळ्यांनी लगेच ७८ मिळवले, रस्त्यात उभ्या उभ्या, १०१७!

तुम्ही चालू करणार असाल तर माझं मत असं, सगळ्यांना पटणार नाही. फुकट ठेवू नका. आम्ही महिन्याला पन्नास रुपये घेतो, चहा आणि झेरॉक्स. फुकट होतं तेव्हा लोक "बघू" म्हणायचे, आता पन्नास दिलेत म्हणून येतात, आपण मराठी माणसं अशीच. वेळ दुपारी साडेतीन, कारण सकाळी बायकांना जमत नाही आणि संध्याकाळी नातवंडं क्लासवरून येतात. पाहुणे बोलवू नका. एक बोलावला की त्याचा सत्कार आला, सत्कार आला की कमिटीचे अध्यक्ष आले. खुर्च्या ओळीत लावू नका, टेबल मध्ये हवं, कागदावर बोट ठेवता आलं पाहिजे. पंधराच्या वर माणसं झाली तर दोन गट करा.

आणि विषय मोडीच हवा असं नाही. खारेगावात आमच्या ओळखीच्या बायका जात्यावरच्या ओव्या गोळा करतात, सासूला म्हणायला लावायची आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून मग बसून लिहायची. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा गर्दी जास्त आहे, सांगायला लाज वाटते पण आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये काय आहे ते मला कसं कळणार, पण हॉल बुक करायच्या आधी एक करा. सत्तरीच्या वरच्या माणसांकडे एकेकदा जाऊन बसा आणि शाळेत काय काय होतं ते विचारा. आमच्या आजींना आम्ही दोन वर्षं लिफ्टमध्ये नुसतं "जेवलात का" विचारत होतो.