वारंवारता वितरण सारणीत वर्ग किती घ्यावेत?

आपला प्रश्न असा आहे की, ६० विद्यार्थ्यांच्या गुणांची वर्गीकृत वारंवारता वितरण सारणी करताना वर्गांची (म्हणजे ३०-४०, ४०-५० अशा गुणांच्या गटांची) संख्या सूत्राने काढावी की अंदाजाने ठरवावी, आणि मधल्याच एखाद्या वर्गाची वारंवारता, म्हणजे त्यात मोडणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, कमी आली तर सारणी चुकली असे समजून वर्ग मोठे करावेत का. या दुसऱ्या भागामुळे मी उत्तर लिहायला बसलो. मधल्या वर्गात पडलेल्या अशाच एका खड्ड्यावरून माझा माझ्या मार्गदर्शकांशी वाद झाला होता आणि तो माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

मी तेव्हा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडील सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचे काम पाहत असत. प्रकल्पासाठी माहिती हवी म्हणून त्यांनी मालकांची परवानगी काढून दिली आणि जानेवारीतल्या एका सकाळी, गठ्ठे बांधण्याआधी, मी एकाच मापाचे १२० टॉवेल एकेक करून काट्यावर ठेवले. मालकांच्या हिशेबाने टॉवेलचे वजन ४२५ ग्रॅम असायला हवे होते. सगळ्यात हलका ३८३ ग्रॅमचा निघाला आणि सगळ्यात जड ४६७ ग्रॅमचा. वजने ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वहीत उतरवली. त्या चार पानांकडे कितीही वेळ पाहिले तरी काहीच कळत नव्हते. सरासरी मात्र जवळजवळ ४२४ ग्रॅम आली आणि मालक खूश झाले.

रात्री घरी १० ग्रॅमचे वर्ग करून ताळ्याच्या खुणा मांडल्या. ३८०-३९० मध्ये ४, ३९०-४०० मध्ये ११, ४००-४१० मध्ये २७, ४१०-४२० मध्ये १९, ४२०-४३० मध्ये फक्त ८, पुढे ४३०-४४० मध्ये १३, ४४०-४५० मध्ये २४, ४५०-४६० मध्ये ११ आणि ४६०-४७० मध्ये ३. ज्या वर्गात सरासरी पडत होती, त्याच वर्गात पाच रेघांचा एक जुडगा आणि सुट्या तीन रेघा एवढेच टॉवेल होते. दुसऱ्या दिवशी वही वडिलांना दाखवत असताना कारखान्याचे जॉबर, म्हणजे मागांची जोडणी-दुरुस्ती पाहणारे कारागीर, शेजारी उभे होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण त्या खुणांवरून बोट फिरवून ते म्हणाले, "पोरा, हा एक माल नाही. दोन मालांची सरमिसळ झाली आहे."

त्यांचे म्हणणे खरे निघाले. टेरी टॉवेलला दोन ताणे (उभ्या धाग्यांचे संच) लागतात, एक कापडाच्या पायाचा आणि दुसरा लूपचा, म्हणजे टॉवेलवर दिसणाऱ्या सुताच्या फासांचा. लूपचा ताणा सैल सुटला की लूप उंच होतात, सूत जास्त जाते आणि टॉवेल जड होतो. शेडच्या दोन बाजूंच्या मागांवर लूपच्या बीमचा (ताणा गुंडाळलेल्या रुळाचा) ताण वेगवेगळा ठेवलेला होता आणि दोन्हीकडचा माल एकाच ढिगात येत होता.

हीच सारणी मी मार्गदर्शकांकडे नेली. त्यांचे मत असे पडले की, चांगल्या सारणीत वारंवारता चढत जाऊन मग उतरली पाहिजे, मधला खड्डा हा योगायोग आहे आणि वर्ग फार लहान घेतल्यामुळे तो दिसतो. त्यांनी ३० ग्रॅमचे तीनच वर्ग करायला लावले: हलके, मध्यम आणि जड. वारंवारता आल्या ४२, ४० आणि ३८. आयतालेखात जवळपास सारख्या उंचीचे तीन आयत उभे राहिले आणि जॉबरांना एका नजरेत दिसलेली गोष्ट त्या कागदावरून पूर्णपणे पुसली गेली. प्रकल्प तसाच जमा झाला. मी त्यांना तेव्हाही सांगितले होते आणि आजही सांगेन की, वर्ग २० ग्रॅमचे केले तरी खड्डा राहतो (१५, ४६, २१, ३५, ३). खड्डा बुजेपर्यंत वर्ग रुंद करत जाणे म्हणजे माहिती आपल्याला हवी तशी वाकवणे होय.

आता सूत्राबद्दल. स्टर्जेस यांनी १९२६ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे वर्गांची संख्या १ + ३.३२२ लॉग एन एवढी येते; इथे एन म्हणजे प्राप्तांकांची (नोंदींची) एकूण संख्या आणि लॉगचा पाया १०. आपल्या ६० गुणांसाठी ती ६.९, म्हणजे ७ येते. हे सूत्र द्विपद सहगुणकांवरून आले आहे: आठ वर्गांत १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १ अशी वारंवारता असेल तर बेरीज १२८ होते, म्हणून १२८ प्राप्तांकांना ८ वर्ग. म्हणजे माहिती एकाच शिखराची आणि दोन्ही बाजूंनी सारखी उतरणारी आहे, हे सूत्राने आधीच धरून चाललेले असते. माझ्या १२० टॉवेलांनाही सूत्राने ८ वर्ग सांगितले असते आणि खड्डा दिसला असता, हे मान्य करतो; माझी तक्रार सूत्राविरुद्ध नाही. पण सूत्राचा आकडा घेऊन तिथेच थांबू नये. एकदा त्याहून लहान आणि एकदा त्याहून मोठे वर्ग करून पाहावे, आणि वर्गांची सुरुवातही थोडी सरकवून पाहावी. तिन्ही वेळा खड्डा त्याच जागी राहिला तर वर्गांना हात न लावता विद्यार्थ्यांची चौकशी करावी: दोन तुकड्या एकत्र केल्या आहेत का, दोन परीक्षकांनी पेपर तपासले आहेत का.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ६० ही संख्या लहान आहे. त्यात एखाद्या वर्गात दोन-तीन विद्यार्थी कमी असणे हा खरोखर योगायोग असू शकतो, आणि तेवढ्यापुरते माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर ठरेल. शिवाय माझी मोजणी एकाच सकाळची होती आणि सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीनंतर माग नुकतेच सुरू झाले होते. जॉबरांनी माग उघडून दाखवले नसते तर केवळ सारणीच्या जोरावर मी एवढे ठामपणे बोलू शकलो नसतो.

आपल्याला परीक्षेत वर्गांतर दिलेले असेल तर तेच घ्यावे, आणि सलग वर्गांत (३०-४०, ४०-५० असे असतील तर) ४० गुण ४०-५० या वर्गात मोजावेत. प्रकल्प असेल तर जमा करताना क्रमवार उतरवलेली मूळ पाने सारणीच्या मागे जोडावीत. माझी ती चार पाने मार्गदर्शकांनी फाइलमधून काढायला लावली होती. ती मी जपून ठेवली आहेत.