कौलारू घर विकण्याआधी छप्पर बदलून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की देवगडकडचं आजोबांचं कौलारू घर विकायचंय, माजघरात आणि स्वयंपाकघरात गळतं, आणि भावाचं म्हणणं आहे की सगळी कौलं उतरवून पत्रा टाकू, म्हणजे घर नवं दिसेल आणि चार पैसे जास्त येतील.

माझं स्पष्ट मत: पत्रा टाकू नका. गळती थांबवा, कुजलेलं लाकूड बदला, आणि बाकी छप्पर आहे तसं राहू द्या.

आम्ही २०१९ साली राजापूर तालुक्यातलं आमचं घर विकलं तेव्हा हाच वाद आमच्याकडेही झाला होता. संपूर्ण छप्पर नवं करायचा अंदाज साडेचार लाखांवर गेला. शेवटी दुरुस्ती झाली अठ्ठावन्न हजारांत, कारण गळतीचं मूळ छप्परभर नव्हतंच. दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, जिथे एकमेकांना मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजली होती आणि आंब्याच्या पाचोळ्याने तुंबली होती. पाणी उलटं फिरून कौलांखाली शिरायचं आणि वाशावरून ओघळत पार माजघरात टपकायचं. आम्ही दहा वर्षं माजघराच्या वरची कौलं बदलत होतो! कौलारू घरात पाणी जिथे टपकतं तिथे वर भोक असेलच असं नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या.

तपासणीला सुरुवात माळ्यावरून करा. भर दुपारी खिडक्या-दारं लावून माळ्यावर चढा आणि वर बघा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. आपल्याकडे वानर उड्या मारतात, नारळ पडतात, त्यामुळे असे पाच-पंचवीस ठिपके प्रत्येक घरात असतात. त्याने घाबरून जाऊ नका. खरी परीक्षा लाकडाची. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) आणि वासे ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर टोक रुतवून बघा, सहज आत गेलं की तो वासा गेला. वळचणीकडची टोकं आणि वासे भिंतीवर टेकतात ती जागा नीट बघा, कारण वाळवी बहुधा भिंतीतून मातीच्या नळ्या करत तिथेच पोचते. लांब उभं राहून आढ्याची रेष सरळ आहे का तेही पाहा. आढं मध्येच वाकलं असेल, किंवा मातीच्या भिंतीचा माथा भिजत असेल, तर मात्र टाळाटाळ करू नका. मातीची भिंत वरून भिजली की एखाद्या पावसाळ्यातही बसते, आणि मग विकायला घर उरत नाही, नुसती जागा उरते.

कौलांबद्दल एक गोष्ट बरेच जण खड्ड्यात पडल्यावर शिकतात. सगळी मंगलोरी कौलं, म्हणजे खाचांनी एकमेकांत अडकणारी चपटी कौलं, सारखी नसतात. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाचा वेगळ्या. कौल उलटं केलं की मागे कारखान्याचं नाव किंवा शिक्का दिसतो. जुन्यांत नवं घुसवलं आणि खाच बसली नाही, तर फटीतून पाणी येतंच. त्यामुळे त्याच शिक्क्याची जुनी कौलं शोधा. आसपास कुणी घर पाडत असेल तर बऱ्याचदा मिळतात. नाहीच मिळाली तर मागच्या पाख्यावरची सगळी धड कौलं उतरवून पुढच्या पाख्यावर भरून घ्या, आणि मोकळं झालेलं मागचं पाखं पूर्ण नव्या कौलांनी शाकारा. शंभर चौरस फुटांना साधारण १३० ते १५० कौलं लागतात, वर आढ्यावर बसणारी कौलं, म्हणजे कोने, वेगळे. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू-फोडू नका. त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. अखंडच उतरवायला सांगा.

आता भावाच्या पत्र्याबद्दल. गावचं जुनं घर घेणारी माणसं साधारण दोन प्रकारची. एकाला जागा हवी असते, तो घर पाडणार. त्याच्यासाठी छपरावर घातलेला प्रत्येक रुपया वाया. दुसऱ्याला राहायला किंवा पर्यटकांसाठी जुनं घरच हवं असतं, आणि तो कौलं, सागवानी वासे, माळा बघूनच आलेला असतो. त्याला पत्र्याखाली मे महिन्यात बसवून बघा! म्हणजे पत्रा दोघांपैकी कुणालाच नको असतो. घराची किंमत खरी ठरते ती रस्ता, पाणी आणि कागदांवर. ते साडेचार लाख हातात असतील तर आधी वारसांच्या नोंदी, सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराची आणि घरपट्टीची नोंद) सरळ करून घ्या. घराखालची जमीन शेतीचीच राहिली असेल तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, हेही आत्ताच वकिलाला विचारून ठेवा.

आणि कृपा करून डाग रंगवून टाकू नका. हे मी कळकळीने सांगतोय. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने बघूनही न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. माळ्याच्या फळ्यांमागे लपलेला वाळवीचा वासा हा असाच दोष. पण कायदा बाजूला ठेवा. कुणीतरी आयुष्यभराची पुंजी घालून ते घर घेणार आहे. आम्ही घेणाऱ्या गृहस्थांना स्वतः माळ्यावर नेलं, बदललेले तीन वासे दाखवले, आणि देवघरावरची एक जागा जोराच्या झडीत अजून ओलावते हेही सांगितलं. त्यांनी त्यासाठी थोडी किंमत उतरवून मागितली, आम्ही दिली. पुढे घासाघीस झाली नाही.

खर्चाची बिलं जपून ठेवा. भांडवली नफ्याचा कर काढताना नेहमीची डागडुजी धरत नाहीत, वास्तूत भर घालणारा खर्च धरतात. तुमचं काम कशात बसतं ते सीएला बिलं दाखवून ठरवा.

काम शिमगा झाला की लगेच सुरू करा. मेमध्ये शाकारणीला माणूस मिळत नाही, सगळ्यांना मृगाच्या आत घर झाकून हवं असतं. शक्य असेल तर पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेल्यावर घर दाखवा. कोरडं माजघर बघितल्यावर माणसाला वेगळं पटवावं लागत नाही.

उरलेली कौलं फेकू नका, खरेदीदारालाच द्या. पुढच्या जुलैत आमच्या खरेदीदारांचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांना फक्त विचारायचं होतं, तुम्ही ठेवलेली ती साठ कौलं माळ्यावर आहेत की गोठ्यात, वानरांनी चार फोडलीत.