वह्या तपासण्याआधी

नाशिक

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आठवीच्या दोन तुकड्या, एकेकीचा पट साठच्या घरात, आणि घटक चाचणी झाली की निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन मध्यरात्रीपर्यंत तुझं लाल पेन चालू. ‘एवढं तपासूनही पुढच्या निबंधात त्याच चुका,’ असं तू लिहिलंस. तुझे कष्ट कमी पडत नाहीत गं, ते उशिरा पडतात. मूल लिहून मोकळं झालं की तुझं काम सुरू होतं. ते मूल लिहीत असताना सुरू व्हायला हवं. आज एवढंच सांगायचं आहे, पण जरा सविस्तर सांगते.

आधी तुझे शेरे बघ. ‘छान’, ‘मुद्दे अपुरे’, ‘विस्तार हवा’, ‘अक्षर सुधारा’. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकेतल्या अभ्यासक. शिक्षक विद्यार्थ्यांच्या लेखनावर काय शेरे मारतात हे त्यांनी तपासलं आणि 1982 मध्ये मांडलं. बरेचसे शेरे इतके ठोकळेबाज निघाले, की एकाच्या कागदावरचा उचलून दुसऱ्याच्या कागदावर लिहिला तरी खपून जावा. आपल्याकडे याहून वेगळं काय आहे? ‘मुद्दे अपुरे’ हे वाचून त्या पोराने नेमकं करायचं काय? आणि शेऱ्याशेजारी दहापैकी सहा असं लिहिलेलं असेल तर तो शेरा वाचतंय कोण? इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष 1988 मध्ये आले. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिली. ती कामं निबंधाची नव्हती, पण वह्या वाटल्यावर वर्गात जे घडतं ते आठव, म्हणजे पटेल.

म्हणून पहिल्या खर्ड्याला गुण देऊच नकोस. एकाच जागी, एकच प्रश्न लिही, आणि तो असा असावा की उत्तर त्या मुलालाच ठाऊक आहे. पंचवटीतल्या एका मुलाने रंगपंचमीवर लिहिलं होतं, ‘रंगपंचमी हा आनंदाचा सण आहे. या दिवशी सर्व जण भेदभाव विसरून एकमेकांना रंग लावतात.’ थेट गाइडातलं. आता नाशिकचं पोर ते. पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, वर्षभर बुजलेल्या असतात आणि त्या दिवशी उघडतात, हे त्याला कुणी सांगायला नको. मी समासात एवढंच लिहिलं, ‘रहाडीत उडी मारलीस का? वर आल्यावर काय दिसलं?’ दुसऱ्या खर्ड्यात आलं: ‘दादाने धप्पा मारला, मग मी मारला. डोळ्यांत पाणी गेलं. वर आलो तर आईचा आवाज येत होता, पण आई सापडेना, कारण सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची होती.’ यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या दिवशी मी त्यांना हात लावला नाही.

आता फळ्याकडे ये. तू विषय देतेस, मुद्दे लिहून देतेस आणि मुलं लिहायला लागली की टेबलाशी बसतेस. त्याऐवजी खडू घे आणि त्यांच्यासमोर स्वतः लिही. नुसतं लिहू नकोस, मनात चाललेलं मोठ्याने बोल. समजा बुधवारच्या बाजारावर लिहिते आहेस. ‘बाजारात खूप गर्दी होती’ असं लिही आणि थांब. म्हण, ‘हे तर कुणीही लिहील. गर्दी आहे हे मला कशावरून कळलं? भाजीची पिशवी दोन पायांत धरून उभं राहावं लागलं, त्यावरून.’ पहिलं वाक्य खोड, दुसरं लिही. ते खोडणं मुलांना दिसलं पाहिजे. त्यांना वाटतं, येणाऱ्याला एका बैठकीत सुरळीत येतं आणि आपल्याला येतच नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करायला लावला, ते सगळं टिपलं आणि 1981 मध्ये दाखवून दिलं, की आखणं, लिहिणं आणि मागे वळून तपासणं ही एकामागून एक येणारी कामं नाहीत, माणूस त्यांत सतत ये-जा करत असतो. बेराइटर आणि स्कार्डामालिया यांचं 1987 मधलं म्हणणंही याच्याशी जुळतं: नवशिका आठवेल ते कागदावर ओतत जातो आणि आठवायचं संपलं की थांबतो. मुरलेला लेखक लिहिता लिहिता आपलं म्हणणंच बदलतो. हे बदलणं पुस्तकातून शिकवता येत नाही, कुणीतरी समोर करून दाखवावं लागतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला 1974 मध्ये जेम्स ग्रे यांनी शिक्षकांचा जो उपक्रम सुरू केला, त्याचा पायाच हा होता, की लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलं पाहिजे. तूही लिही. आठवड्याला एक परिच्छेद पुरे.

व्याकरणाबद्दल तू विचारलंस. 2007 मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले कितीतरी प्रयोग एकत्र तोलले. त्यांच्या पट्टीवर आखणी आणि सुधारणा कशी करायची याच्या युक्त्या पायरीपायरीने शिकवणं, तसंच सारांश करायला शिकवणं, या दोन्हींचा परिणाम 0.82 निघाला (शून्य म्हणजे काहीच फरक नाही, आकडा मोठा तितका फायदा जास्त). मुलांनी मिळून लिहिण्याचा 0.75. सुटं व्याकरण मात्र शून्याच्याही खाली, उणे 0.32. हे इंग्रजी शाळांचे आकडे, मराठीला जसेच्या तसे लावू नकोस. पण आपल्या उपयोजित लेखनातलं सारांशलेखन आपण किती घाईत उरकतो, ते यावरून बघ.

त्याच अभ्यासात वाक्यं जोडण्याच्या सरावालाही 0.50 मिळाले आहेत, आणि हा सराव मराठीत फार छान जमतो. निफाडकडच्या मुलांना मी द्राक्षबागेवरची सुटी वाक्यं देत असे: एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. गोडी छाटणीनंतर घड येतात. तेव्हा पावसाची भीती असते. एकीने जोडलं, ‘खरड छाटणी एप्रिलमध्ये होत असली तरी घड येतात ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणून तेव्हा आभाळ आलं की आमच्या घरात कुणी जेवत नाही.’ शेवटचा तुकडा माझ्या वाक्यांत नव्हता. उभयान्वयी अव्यय म्हणजे काय हे तिला त्याच तासाला सांगितलं आणि ते तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

शुद्धलेखन सोडून दे असं मी म्हणत नाही. आपल्याला साहित्य महामंडळाचे लेखननियम आहेत, परीक्षाही आहे. पण चूक कापण्याआधी ती का झाली ते शोध. मिना शॉनेसी यांनी न्यूयॉर्कमध्ये, ज्यांना कॉलेजच्या लायकीचे मानत नसत अशा मुलांचे हजारो कागद वाचून 1977 मध्ये हेच मांडलं, की चुकांनाही त्यांचं तर्कशास्त्र असतं. ‘विहीरीत’ लिहिणाऱ्या मुलीला ‘विहीर’ मधली ‘ही’ दीर्घ आहे हे पक्कं ठाऊक असतं, प्रत्यय लागल्यावर ती ऱ्हस्व होते एवढंच तिच्यापर्यंत पोचलेलं नसतं. असा एक नियम सापडला की तो सगळ्या वर्गाला पाच मिनिटांत सांग. तुझ्या वर्गात कळवण-बागलाणची अहिराणी बोलणारी मुलं आहेत, सुरगाण्याकडची कोकणा बोलणारी आहेत, सातपूरच्या कारखान्यांत आलेल्या हिंदी भाषिक कामगारांचीही आहेत. घरची भाषा वाक्यात डोकावली तर ती अडाणीपणाची खूण समजू नकोस, आणि वर्गात कुणाला तसं समजू देऊ नकोस. पहिला खर्डा घरच्या बोलीत आला तर येऊ दे.

राहिला एवढ्या वह्यांचा प्रश्न. सगळ्या रोज तपासायच्या नाहीत. मुलं लिहीत असताना बाकांमधून फिर, तासाला आठ जणांशी दोन-दोन मिनिटं बोल, कुणाशी बोललीस ते हजेरीपटाशेजारी टिपून ठेव. बाकीच्यांच्या जोड्या लाव. जोडीदाराला ‘निबंध तपास’ म्हणालीस तर तो वेलांट्या मोजत बसेल. त्याला दोनच कामं दे: जिथे डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं तिथे रेघ ओढ, जिथे कळलं नाही तिथे प्रश्न लिही. मुख्याध्यापक लाल शाई मागतील. त्यांना दोन्ही खर्डे शेजारी ठेवून दाखव, वाद घालत बसू नकोस.

दिवाळीच्या सुट्टीत एखादी सकाळ काढ, सार्वजनिक वाचनालयात भेटू. सात-आठ मुलांचे दोन्ही खर्डे आण, हुशार मुलांचेच निवडून आणू नकोस. फळ्यावर तू लिहिलेला एखादा परिच्छेद खोडाखोडीसकट उतरवून आण. आधी तो वाचू, मग मुलांचे.

तुझ्या
बाई